ग्रिप, शाफ्ट आणि दोन ग्रॅमचा हिशेब
वाचकांचे प्रश्न: गोल्फ क्लबची घरगुती दुरुस्ती

पावसाळा सरतो, मैदाने कोरडी होतात आणि कपाटातल्या बॅगा बाहेर निघतात. चिकट झालेल्या ग्रिप (मुठीवरचे रबरी आवरण), सैल झालेली हेड (चेंडूवर आदळणारा भाग), गंजलेले वेज (जवळच्या, उंच फटक्यांचे क्लब) या दिवसांत हमखास हाती येतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे याच स्वरूपाची आहेत. उत्तरांत दिलेली सर्व मापे आणि दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या आहेत. डावखुऱ्या खेळाडूंनी डावे-उजवे उलटे वाचावे.

प्रश्न: माझ्या सर्व आयर्नच्या (धातूच्या पातळ हेडच्या क्लबच्या) ग्रिप गुळगुळीत झाल्या आहेत. घरी बदलायला घेतल्या, पण पहिलीच ग्रिप अर्ध्यावर अडकली आणि नंतर पुढेही जाईना, मागेही येईना. चूक कुठे होते? (पुणे)

उत्तर: ग्रिप अर्ध्यावर अडकण्याची कारणे दोनच. द्रव कमी पडला, किंवा ढकलताना तुम्ही मध्ये थांबलात. ग्रिपच्या आतले रबर आणि शाफ्टवरचा (क्लबच्या दांड्यावरचा) टेप यांच्यामध्ये द्रवाचा थर असतो तोवरच ग्रिप सरकते. अर्ध्यावर थांबले की टेप रबराला धरू लागतो.

आता सुरुवातीपासून क्रम पाहू. जुनी ग्रिप हुकच्या आकाराच्या पात्याने कापा. पाते अंगापासून दूर जाईल असेच ओढा. स्टीलच्या शाफ्टवर साधे पातेही चालते. ग्राफाइटवर मात्र सरळ टोकाचे पाते वापरूच नका, कारण वरच्या थरात पडलेला बारीक चरा पुढे शाफ्ट तिथेच मोडायला कारण होतो. जुना टेप हेअर ड्रायरने कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. उरलेला चिकटपणा तारपिनाच्या फडक्याने पुसा आणि शाफ्ट पूर्ण कोरडा होऊ द्या. या पायरीत घाई केली तर नव्या टेपखाली गाठी राहतात आणि त्या प्रत्येक फटक्याला बोटांना जाणवतात.

टेप दोन्ही बाजूंनी चिकटणारा, पातळ, 50 मिमी रुंदीचा घ्या. सतरंजी चिकटवायचा जाड टेप नको. शाफ्टचे वरचे टोक बहुधा 0.600 इंच, म्हणजे 15.2 मिमी जाडीचे असते. त्याचा घेर 48 मिमी भरतो, म्हणून 50 मिमीची पट्टी लांबीच्या दिशेने लावली की वरच्या टोकाला बरोबर एक वेढा बसतो. खाली शाफ्ट निमुळता होत जातो आणि पट्टीच्या कडा एकमेकींवर येतात. हा जोड तळव्याखाली येईल असा मागच्या बाजूला ठेवा. पट्टी शाफ्टच्या टोकापलीकडे एक सेंटिमीटर जाऊ द्या आणि ते टोक पिळून पोकळ शाफ्टमध्ये दाबा. असे केले नाही तर द्रव शाफ्टमध्ये शिरतो आणि खाली हेडपाशी साठून राहतो.

द्रव म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन उत्तम. पेट्रोल वापरू नका. त्यात आगीचा धोका आहे आणि रबरही फुगते. थिनर आणि ॲसिटोन ग्राफाइटचा रंग उतरवतात. ग्रिपच्या टोपीवरचे बारीक छिद्र टी (चेंडू ठेवायची खुंटी) लावून बंद करा, आत सुमारे 30 मिली द्रव ओता, तोंड बोटाने दाबून हलवा आणि तोच द्रव टेपवर सगळीकडे ओता. खाली ट्रे ठेवला तर गोळा झालेला द्रव पुढच्या क्लबला वापरता येतो. शाफ्ट व्हाइसमध्ये रबरी गुटक्यांनी धरा. ग्रिपचे तोंड जरा चपटे दाबून टोकावर चढवा आणि एका दमात टोपी शाफ्टला टेकेपर्यंत ढकला. ग्रिपवरची खूण सरळ करायला तुमच्या हाती मिनिट-दीड मिनिट असते.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ओढून ताणून बसवलेली ग्रिप लांब आणि पातळ होते. म्हणून बसवल्यावर तिची लांबी न बसवलेल्या जोडीदार ग्रिपशी ताडून पाहा आणि लांब झाली असेल तर ओली असतानाच वर सरकवून घ्या.

तुमची अडकलेली ग्रिप वाचवायची असेल तर इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई ग्रिप आणि टेप यांच्या मध्ये तिरकी घालून दोन-तीन ठिकाणी तारपीन सोडा. मिनिटभराने ती सुटते. सुईची भोके बारीक असतात, त्यांनी काही बिघडत नाही. कोरड्या हवेत नवी ग्रिप एका रात्रीत वापरायला तयार होते. दमट हवेत पूर्ण 24 तास थांबा, नाहीतर ती जोरदार स्विंगमध्ये हातात फिरते.

प्रश्न: माझी बोटे लांब आहेत. जाड ग्रिप विकत घ्यावी की खाली टेपचे जादा वेढे द्यावेत? (नाशिक)

उत्तर: एक-दोन वेढ्यांपर्यंत टेप द्यावा, त्यापुढे जाड ग्रिप घ्यावी. मास्किंग टेप साधारण 0.13 मिमी जाड असतो, म्हणजे प्रत्येक पूर्ण वेढ्याला व्यास पाव मिलिमीटरने वाढतो. पुरुषांच्या प्रमाण ग्रिपचा व्यास टोपीच्या कडेपासून दोन इंच खाली 0.900 इंच, म्हणजे 22.9 मिमी धरतात. मिडसाइज त्याहून 1/16 इंच जाड असते. एवढे टेपने भरायचे तर सहा वेढे लागतील. तितक्या टेपवर ग्रिप बसवायला अवघड जाते आणि हाताला कडकही लागते.

माप घेताना डाव्या हाताने क्लब नेहमीसारखा धरा. मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या मांसल भागाला अलगद टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप पातळ आहे, अंतर राहत असेल तर जाड. जाड ग्रिपने हूक (चेंडूचे डावीकडे वळणे) थांबतो असे ठामपणे सांगितले जाते, पण चेंडूच्या दिशेसाठी म्हणून ग्रिप बदलू नका. पकड सैल ठेवूनही क्लब हातात स्थिर राहतो का, एवढेच पाहा.

नवी ग्रिप घेताना आतल्या छिद्राचे मापही बघा. 0.580 चे छिद्र असलेली ग्रिप 0.600 च्या शाफ्टवर बसवली तर ती ताणून बसते आणि व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. उलट केले तर तेवढाच कमी होतो. दोन-तीन ठिकाणांहून जमवलेल्या क्लबमध्ये काही ग्रिप जाड, काही पातळ लागतात त्याचे कारण अनेकदा इथेच सापडते.

प्रश्न: सात नंबर आयर्नचे हेड फटका मारताना निघून उडाले. स्टीलचा शाफ्ट शाबूत आहे. मागच्या वर्षी पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने जोडले होते. बॅग नेहमी गाडीच्या डिकीत असते. पुन्हा कसे जोडावे? (दुबई)

उत्तर: सुटलेले हेड माणसाला जबर जखमी करू शकते, म्हणून हे काम मापात आणि सावकाश करा.

आधी ते का सुटले ते पाहू. बंद गाडीची डिकी तुमच्याकडच्या उन्हाळ्यात सहज 60 अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. झटपट घट्ट होणारे इपॉक्सी त्या उष्णतेला मऊ पडते आणि थंड झाल्यावरही ठिसूळच राहते. चेंडूवर आदळताना सांध्याला बसणारा हादरा सोसायला इपॉक्सीत चिवटपणा लागतो. म्हणून क्लबसाठी बनवलेले, 24 तासांत घट्ट होणारे दोन भागांचे इपॉक्सीच घ्या. ते मिळालेच नाही तर हार्डवेअर दुकानातले सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी ही दुय्यम निवड. पाच मिनिटांचे मात्र पटरलाही (हलक्या फटक्याच्या क्लबलाही) लावू नका.

आता तुटलेला सांधा नीट पाहा. जुना थर सगळा हेडच्या नळीत, म्हणजे होझलमध्ये, राहिला असेल आणि शाफ्टचे टोक चकचकीत असेल, तर क्रोम न घासता जोडले होते. तांबूस गंज दिसला तर फेरूलच्या, म्हणजे होझलच्या तोंडाशी शाफ्टवर असलेल्या प्लास्टिकच्या कड्याच्या, फटीतून पाणी शिरत होते. थरात बुडबुडे दिसले तर मिश्रण कमी पडले किंवा हवा अडकली.

पुढची पायरी शाफ्टच्या टोकाचे माप. व्हर्निअर कॅलिपरने टोकाशी आणि तिथून 40 मिमी वर, असे दोनदा मोजा. दोन्हीकडे 9.40 मिमी आले तर तो 0.370 इंचाचा समांतर टोकाचा शाफ्ट. टोकाला 9.02 मिमी आणि वर त्याहून जास्त आले तर 0.355 इंचाचा निमुळता. समांतर शाफ्टचे होझल आतून साफ करायला 9.5 मिमीचे ड्रिल बिट हाताने फिरवले तरी चालते. निमुळत्या शाफ्टच्या होझलमध्ये ड्रिल अजिबात घालू नका, आतला उतार बिघडतो. तिथे तारेचा गोल ब्रश वापरा.

होझलची खोली बारीक काडीने मोजा आणि तेवढ्या अंतरावर शाफ्टला टेपची खूण करा. किमान 25 मिमी शाफ्ट आत गेलाच पाहिजे. खुणेच्या खालचे क्रोम 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पूर्ण मंद करा. चकाकता ठिपका राहिला तर तिथे इपॉक्सी धरणार नाही. शाफ्टचे टोक आणि होझलचा आतला भाग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. फेरूल तडकलेले असेल तर नवे ॲसिटोन वाळल्यावर, पण हेड जोडण्याआधी, शाफ्टवर सरकवा. ॲसिटोनने फेरूलचे प्लास्टिक विरघळते, म्हणून क्रम चुकवू नका.

मग एकदा सगळे कोरडे बसवून पाहा. हेड सैल डुलत असेल तर इपॉक्सीत त्याच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के बारीक काचमणी मिसळावे लागतात. ते शाफ्टला नळीच्या मधोमध ठेवतात. सांध्यात इपॉक्सीचा थर फार पातळ झाला तर तो पिळून बाहेर जातो, फार जाड झाला तर त्याची ताकद घटते. काचमण्यांनी हा थर सारखा राहतो.

एका हेडला 5 ग्रॅम मिश्रण भरपूर झाले. पाकिटावरच्या प्रमाणात दोन्ही भाग घेऊन पूर्ण मिनिटभर, रंग एकसारखा होईपर्यंत ढवळा. होझलच्या आतून काडीने पातळ थर लावा, शाफ्टच्या टोकालाही लावा आणि फिरवत फिरवत आत ढकला. या वेळी वरची ग्रिप काढलेली असावी, किंवा निदान तिच्या टोपीचे छिद्र मोकळे असावे. नाहीतर आत दाबली गेलेली हवा रात्रभरात शाफ्टला दोन-तीन मिलिमीटर वर ढकलते आणि सकाळी फेरूलखाली फट दिसते. होझलमध्ये इपॉक्सी ओतून भरू नका. जादा इपॉक्सी पोकळ शाफ्टमध्ये चढते, वाळल्यावर त्याचा तुकडा सुटतो आणि क्लब खुळखुळ वाजू लागतो.

बाहेर आलेले इपॉक्सी लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसा. क्लब हेड खाली ठेवून भिंतीला टेकवा, फेस (हेडची चेंडूला लागणारी बाजू) ग्रिपच्या खुणेशी सरळ आहे ना पाहा आणि 24 तास हात लावू नका. खोली 15 अंशांपेक्षा थंड असेल तर आणखी एक दिवस द्या. पहिले काही फटके उघड्यावर, आजूबाजूला कुणी नसताना, अर्ध्या स्विंगने मारा. आणि बॅग डिकीतून काढून घरात ठेवायची सवय लावा.

प्रश्न: ग्राफाइटचा चांगला शाफ्ट एका जुन्या आयर्नमध्ये आहे. तो काढून दुसऱ्या हेडला लावता येईल का? (ठाणे)

उत्तर: येईल, पण तापवून पिळायचे नाही. स्टीलचा शाफ्ट होझल तापवून, पिळून काढता येतो. ग्राफाइटच्या शाफ्टमध्ये कार्बनचे धागे राळेने बांधलेले असतात आणि होझलमधले इपॉक्सी मऊ पडते त्याच्या आसपासच्या तापमानाला ही राळही ढिली होऊ लागते. अशा वेळी पिळ दिला की आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे कधीतरी शाफ्ट होझलच्या तोंडाशी मोडतो.

म्हणून शाफ्ट सरळ रेषेत ओढणारे यंत्र लागते. ते शाफ्टला घट्ट धरते आणि स्क्रूने हेडला पुढे ढकलते. फेरूल आधी कापून काढा, यंत्रावर हलका ताण द्या, हीट गनने फक्त होझल चारी बाजूंनी तापवा आणि इपॉक्सी सुटू लागले की ताण थोडा थोडा वाढवा. उघडी ज्योत वापरू नका. हेडच्या मागच्या पोकळीत रबरी किंवा प्लास्टिकचा बिल्ला चिकटवलेला असेल तर त्यावर ओले फडके गुंडाळा. यंत्र नसेल आणि शाफ्ट महागाचा असेल तर हे काम दुकानात द्या. यंत्राशिवाय शाफ्ट वाचवण्याची खात्रीची रीत नाही.

नव्या हेडला लावताना टोकाचा फक्त रंग घासा. काळे धागे दिसू लागताच थांबा. होझलच्या तोंडाची आतली कड शंकूच्या आकाराच्या बिटने किंचित उतरती करा, कारण तीच धारदार कड ग्राफाइटला चिरत राहते. कापायचा असेल तर कापायच्या जागी टेप गुंडाळा, बारीक दातांची करवत वापरा आणि मास्क लावा. कार्बनची धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

प्रश्न: माझे जुने आयर्न एक इंच कापून पत्नीसाठी आणि उरलेले आणखी कापून दहा वर्षांच्या मुलीसाठी करावेत असा विचार आहे. वजनाचा काय हिशेब ठेवावा? (चेंबूर)

उत्तर: मुलीसाठी कापू नका. मोठ्यांच्या क्लबचे हेड मुलांच्या हेडपेक्षा जड असते आणि शाफ्ट आखूड केल्यावर तो अधिकच ताठ लागतो. मूल ते उचलण्यासाठी अंग वाकडे करू लागते आणि ती सवय पुढे सुटत नाही. तिच्यासाठी मुलांचे हलके, वापरलेले का असेना, क्लब घ्या.

पत्नीच्या क्लबचा हिशेब मात्र करण्याजोगा आहे. हातात क्लबचे हेड किती जड लागते ते स्विंगवेटने मोजतात. त्याच्या पायऱ्या अक्षर आणि आकड्याने सांगतात: सी 8, सी 9, मग डी 0, डी 1. दुकानात यासाठी खास काटा असतो. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपट्टी आणि एखादी धारदार कड पुरते. क्लबचे वजन औंसात काढा (ग्रॅम भागिले 28.35). क्लब कडेवर तोलून समतोलाचा बिंदू ग्रिपच्या टोकापासून किती इंचांवर आहे ते मोजा. त्यातून 14 वजा करा आणि उरलेल्याला वजनाने गुणा. उत्तर 213.5 आले तर डी 0. प्रत्येक 1.75 ला एक पायरी.

उदाहरणार्थ 430 ग्रॅमचा सात नंबर: 15.17 औंस. समतोल 28.1 इंचांवर, वजा 14 म्हणजे 14.1. गुणाकार 213.9, म्हणजे डी 0. समतोल मोजताना तीन मिलिमीटर चुकले की पूर्ण एक पायरी चुकते. म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या.

आता बदलांचे परिणाम. हेडवर 2 ग्रॅम वाढले की स्विंगवेट एक पायरी वर जाते. ग्रिपमध्ये 5 ग्रॅम वाढले की एक पायरी खाली. लांबी अर्धा इंच घटली की तीन पायऱ्या खाली. म्हणजे ग्रिपच्या बाजूने एक इंच कापले की डी 0 चा क्लब सी 4 च्या आसपास येतो. महिलांच्या क्लबला सी श्रेणीच चालते, तेव्हा इथे वजन भरायची गरज नाही. पण ग्रिपही बदलणार असाल तर नवी ग्रिप आधी वजन करून घ्या. 50 ऐवजी 60 ग्रॅमची बसवली तर आणखी दोन पायऱ्या जातील आणि हेड कुठे आहे हेच हाताला कळेनासे होईल.

हेडला वजन द्यायचेच झाले तर मागच्या बाजूला शिशाची चिकटपट्टी लावतात. अर्धा इंच रुंद पट्टीचा साधारण चार इंचांचा तुकडा 2 ग्रॅम भरतो, पण जाडी वेगवेगळी असते, म्हणून काट्यावर ठेवूनच कापा. शिसे हाताळल्यावर हात धुवा आणि तुकडे मुलीच्या हाती लागू देऊ नका. फेरी सुरू करण्याआधी लावलेली पट्टी नियमात बसते. फेरीदरम्यान क्लबचे गुणधर्म बदलण्यासाठी ती लावणे किंवा काढणे बसत नाही.

कापण्याआधी आणखी एक गोष्ट. अर्धा इंच आखूड झालेला आयर्न साधारण एक अंश चपटा, म्हणजे शाफ्ट जमिनीकडे जास्त कललेला, असल्यासारखा जमिनीवर बसतो. एक इंचाला दोन अंश. हा मुद्दा पुढच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

प्रश्न: आयर्नचा लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) घरच्या व्हाइसमध्ये, नळी अडकवून वाकवता येतो असे ऐकले. करून पाहावे का? (कोल्हापूर)

उत्तर: वाकवू नका, पण तपासणी घरीच करा. वाकवताना हेड नेमक्या जागी धरावे लागते आणि अंश मोजत जावे लागते. व्हाइसमध्ये धरलेले हेड फिरते, जोर होझलच्या मुळाशी एकवटतो आणि लाय बदलता बदलता लॉफ्टही (फेसचा मागे झुकलेला कोनही) नकळत बदलतो. फोर्ज केलेले मऊ कार्बन स्टीलचे हेड दोन-तीन अंश वाकणे सोसते. ओतलेले 17-4 स्टेनलेस स्टीलचे हेड कडक असते. ते एक-दोन अंशांपलीकडे नेले तर तडकू शकते, आणि तडा रंगाखाली लपून राहतो.

तपासणी अशी करा. चेंडूवर मार्करने जाड सरळ रेघ काढा. रेघ क्लबच्या फेसकडे आणि अगदी उभी राहील असा चेंडू ठेवून नेहमीचा फटका मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. तो फेसवरच्या आडव्या खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचे वरचे टोक टोच्या, म्हणजे हेडच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या, बाजूला झुकले असेल तर फटक्याच्या क्षणी टो वर उचललेली होती, म्हणजे क्लब जास्त उभा आहे. हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, झुकले असेल तर चपटा आहे. एका ठशावर निष्कर्ष काढू नका, निदान पाच घ्या.

हे सगळे करण्यात अर्थ किती, ते लॉफ्टवर ठरते. 45 अंशांचा वेज दोन अंश जास्त उभा असेल तर फेस जवळजवळ दोन अंश डावीकडे पाहते आणि 100 यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड डावीकडे जातो. 10 अंशांच्या ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) त्याच दोन अंशांनी जेमतेम तिसरा हिस्सा अंशाचा फरक पडतो. तेव्हा पैसे खर्च करायचे तर आधी वेज आणि आखूड आयर्न तपासून घ्या. वेजचा लॉफ्ट कमी करायला सांगणार असाल तर लक्षात ठेवा, लॉफ्ट एक अंश घटला की बाउन्सही (वेजच्या तळाचा जमिनीशी होणारा कोनही) एक अंश घटतो आणि मऊ वाळूत क्लब जास्त खोल रुततो.

प्रश्न: मुंबईच्या चोर बाजारात लाकडी दांड्याचा जुना लोखंडी क्लब मिळाला. हेडच्या मागे धूम्रपानाच्या पाइपची खूण आहे. गंज काढून पॉलिश करावे का? हेड थोडे हलते. (मुंबई)

उत्तर: पाइप ही स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे हेड घडवणारे टॉम स्ट्युअर्ट यांची खूण. त्यांनी घडवलेली हेड इतर अनेक क्लबनिर्माते आपले नाव ठोकून विकत, त्यामुळे पाइपशेजारी दुसरे नाव असले तर गोंधळू नका. दांडा हिकरी या लाकडाचा असणार. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने स्टीलचे शाफ्ट 1929 मध्ये मान्य केले, त्याआधी हिकरीच चाले.

पॉलिशिंगच्या चाकावर हे हेड धरू नका. खुणा झिजल्या की क्लबची ओळख आणि किंमत दोन्ही गेली. हलके तेल लावून एक दिवस ठेवा आणि सर्वांत बारीक, 0000 नंबरच्या स्टील वूलने फक्त सुटा लाल गंज काढा. काळसर करडा थर राहू द्या, तोच पुढच्या गंजापासून वाचवतो. दांड्यालाही तेच स्टील वूल हलक्या हाताने फिरवा आणि दुकानात मिळणाऱ्या 'बॉइल्ड' जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसा. तेलाची फडकी चोळामोळा करून ठेवू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

हेड हलते कारण कोरड्या हवेत लाकूड आक्रसले आहे. होझलमधून आडवी पिन गेलेली असते. तिची बारीक बाजू ओळखून त्या बाजूने पंचने ठोका. पिन निघाली की हेड ओढून काढा, आतली भुकटी झटका, सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने जोडा आणि त्याच भोकात मापाची मऊ लोखंडी तार घालून दोन्ही टोके ठोकून बसवा. पाण्यात भिजवून लाकूड फुगवायचा उपाय दोन दिवस टिकतो आणि दांडा आतून कुजवतो.

कातडी ग्रिप गेली असेल तर 25 मिमी रुंद, सुमारे 90 सेंटिमीटर लांब पातळ कातड्याची पट्टी लागेल. खाली सुती कापडाची पट्टी गुंडाळा, कातड्याचे टोक वर चुकेने ठोका, खाली तिरके वेढे देत या आणि शेवट मेण लावलेल्या दोऱ्याने बांधा. खेळायचे असेल तर मऊ चेंडू वापरा, सरावाच्या कडक चटईवर मारू नका.

प्रश्न: वेजच्या खाचा झिजल्या आहेत. खाचा धारदार करायचे हत्यार वापरावे का? (नागपूर)

उत्तर: आधी ब्रश आणि साबणाच्या पाण्याने खाचा साफ करा. बहुतेक वेळा माती आणि वाळलेले गवतच अडलेले असते. हत्याराने धातू कोरला जातो आणि नियमाची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही: खाचेची रुंदी 0.9 मिमी आणि खोली 0.508 मिमी यापेक्षा जास्त चालत नाही, आणि 2010 पासूनच्या नियमांत 25 अंश आणि त्याहून अधिक लॉफ्टच्या क्लबच्या खाचांच्या कडांना किमान गोलाईही लागते. घरी ही गोलाई राखणे जमत नाही. स्पर्धा खेळत असाल तर नवा वेज घ्या.

प्रश्न: ड्रायव्हरचा लॉफ्ट बदलल्यापासून हेडमधून टकटक आवाज येतो. (बंगळुरू)

उत्तर: आधी होझलचा स्क्रू पूर्ण सोडवा, शाफ्टवरची बाही (जी फिरवून लॉफ्ट बदलतात ती नळी) बाहेर काढा, बाहीचे दाते आणि आतली बैठक कोरड्या ब्रशने साफ करा. वाळूचा एक कण अडकला तरी बाही तळाला बसत नाही. नंतर क्लबसोबत आलेल्या पान्यानेच कसा. हे पाने बहुधा 40 इंच-पाउंड, म्हणजे सुमारे 4.5 न्यूटन-मीटरला टक असा आवाज करून सुटतात. त्या आवाजापुढे जोर लावला तर स्क्रूचे आटे जातात. साध्या टॉर्क्स पान्याने अंदाजे कसू नका.

एवढे करूनही आवाज येत असेल तर हेड काढून ते कानाशी हलवा. आवाज हेडमधूनच येत असेल तर आत इपॉक्सीचा सुटा तुकडा आहे. होझलच्या छिद्रातून तो निघाला तर ठीक, नाहीतर वजनाच्या स्क्रूच्या छिद्रातून आत थोडे चिकट ग्लू सोडून हेड अशा बाजूवर ठेवा की तुकडा तिथेच चिकटून बसेल. ग्लूचे वजन नोंदवा, 4 ग्रॅम गेले तर स्विंगवेट दोन पायऱ्या चढेल. लॉफ्ट वाढवताना बहुतेक बाह्यांमध्ये फेस किंचित बंद होते, म्हणून चेंडू आता डावीकडे जात असेल तर ते आवाजाशी जोडू नका. आणि हे सगळे फेरीच्या आधी करा, फेरी चालू असताना सेटिंग बदललेल्या क्लबने फटका मारता येत नाही.